वाचकांचे प्रश्न : दूरच्या सर्व्हरची प्रणाली बदलताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे हिशेब आणि संकेतस्थळ महापे येथील डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतात. त्यावर उबुंटू १८.०४ ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. मुलुंडच्या घरून तो २४.०४ वर न्यायचा आहे. थेट नेता येईल का आणि मध्येच इंटरनेट गेले तर काय? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : थेट नेता येत नाही. दीर्घ मुदतीच्या (एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या) एका आवृत्तीवरून लगतच्या तशाच आवृत्तीवर जाण्याचीच सोय उबुंटूमध्ये आहे, त्यामुळे २०.०४, २२.०४ आणि मग २४.०४ असे तीन टप्पे आपल्याला घ्यावे लागतील, आणि प्रत्येक टप्प्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करून, हिशेबाची प्रणाली नीट चालते हे पाहूनच पुढे जावे लागेल.

इंटरनेट जाण्याची धास्ती मात्र फारशी नको. डू-रिलीज-अपग्रेड ही आवृत्ती बदलण्याची आज्ञा एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडून आज्ञा देण्याची सोय) दिली, तर ती आपले काम ‘स्क्रीन’ या, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवते, पावसात आपले वायफाय गेले तरी तिकडचे काम चालूच राहते आणि पुन्हा जोडून तीच आज्ञा दिली की तेच काम समोर येते. शिवाय ती १०२२ या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) जादा एसएसएच सेवा उघडते, पण फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीत) ते पोर्ट आपणच आधी मोकळे करायचे असते.

खरा धोका सर्व्हर पुन्हा सुरू होताना असतो. नेटवर्क उठलेच नाही, तर एसएसएच निरुपयोगी ठरते आणि पुरवठादाराच्या पॅनेलवरचा कन्सोल (सर्व्हरचा पडदा आणि कळफलक थेट हाती देणारी सोय) एवढाच मार्ग उरतो. तो आधीच उघडून, त्यातून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा. उबुंटूमध्ये रूट, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, खात्याचा पासवर्ड सहसा बंद असतो, आणि आजवर आपण केवळ एसएसएच किल्लीने (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलने) आत जात असाल, तर आपल्या खात्यालाही पासवर्ड नसण्याचा संभव आहे. कन्सोलवर ती किल्ली चालत नाही. लॉगिन विचारणाऱ्या काळ्या पडद्यासमोर मी स्वतः एक रात्र हताश बसून काढली आहे, म्हणून हे एवढे लांबवून सांगतो.

किल्लीचीच आणखी एक गोष्ट. २२.०४ मधील ओपनएसएसएच (एसएसएच सेवा चालवणारा प्रोग्राम), शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर बेतलेली आरएसए किल्लीची सही स्वीकारत नाही, त्यामुळे कार्यालयातल्या संगणकावर फार जुने पुटी (एसएसएचने जोडण्याचा प्रोग्राम) असेल तर किल्ली बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाईल. पुटी आधी अद्ययावत करा. मधेच एसएसएचच्या सेटिंगची फाइल बदलायची का, असे विचारले गेले तर आपलीच ठेवा.

डेटाबेसबाबत सावध राहा. उबुंटूचेच मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरत असाल, तर पहिल्याच टप्प्यात ते ५.७ वरून ८.० होते आणि तोच डेटा घेऊन मागे फिरता येत नाही. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्या आणि तो तिथे उघडूनही पाहा. पीएचपी (संकेतस्थळे ज्यात लिहितात ती संगणकीय भाषा) वापरत असाल, तर ती ७.२ वरून ८.३ वर पोहोचेल. जुन्या हिशेबाच्या प्रणालीला ते झेपेल का, हे ती लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.

माझे मत विचाराल, तर तीन टप्प्यांऐवजी महिनाभरासाठी दुसरा सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर कोरे २४.०४ बसवा आणि डेटा तिकडे नेऊन सगळे तपासल्यावरच संकेतस्थळाचा पत्ता नव्याकडे वळवा. भाडे दुप्पट पडेल, परंतु काही बिघडले तर जुना सर्व्हर जसाच्या तसा चालू असेल.