लेकराला लातूरला ठेवतोय, रिचार्ज कोणतं मारू?

प्रश्न : मुलगा दहावी झाला. अकरावी सायन्सला लातूरला ठेवतोय, क्लासही तिथंच. आजवर त्याला स्वतःचा फोन नव्हता. आता माझ्या दिरांनी त्यांचा जुना फाइव्ह-जी फोन दिलाय. आमचा दुकानदार म्हणतो, ‘लेक्चरं व्हिडिओवर असतात वहिनी, रोज तीन जीबीचाच पॅक मारा, जिओचा ४४९चा.’ यांचा पगार सात तारखेला होतो आणि निम्मा हॉस्टेल-मेसमध्ये जाणार. दीडशे-दोनशेत भागेल असं काही आहे का? सिम मुलाच्या नावावर घ्यायचं की यांच्या?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : ताई, चौदा वर्षं मी स्टँडसमोर रिचार्जचं दुकान चालवलं. दुकानदार ४४९ का म्हणतो ते मला चांगलं कळतं. कमिशन टक्क्यावर असतं!

पण पॅकचं नंतर बघू. आधी हॉस्टेलच्या खोलीत कोणत्या कंपनीची रेंज येते ते बघा. माझी मुलगी २०१९ साली सांगलीला शिकायला गेली, तेव्हा मी शहाणपणा करून घरूनच नवं सिम आणि ८४ दिवसांचा पॅक मारून दिला. तिची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. रेंज यायची फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. ‘बाबा, जिन्यात आहे, लवकर बोला,’ एवढंच रोजचं बोलणं. कंपनी बदलायची तर नव्या सिमला ९० दिवस व्हावे लागतात. पॅक ८४व्या दिवशी संपला, म्हणून वरच्या सहा दिवसांसाठी आणखी एक छोटं रिचार्ज. दुकान माझं आणि फसलोही मीच.

म्हणून सिम मंगळवेढ्यात घेऊच नका. पोराला सोडायला मिस्टर जातील तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या मुलांचे फोन हातात घेऊन बघायचे, दार लावून एक कॉल करायचा, मग लातुरातच सिम घ्यायचं. ते त्यांच्याच नावावर, त्यांच्याच आधारवर. १८च्या आतल्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. तो नंबर मात्र बँकेला जोडू नका, ओटीपी लातूरला आणि तुम्ही मंगळवेढ्यात असं व्हायला नको.

आता पैशांचं. उदाहरण जिओचंच घेतो. दोनशेच्या आत १८९चा पॅक आहे. कॉल अनलिमिटेड, पण २८ दिवसांना मिळून दोनच जीबी, रोजचे सत्तर-पंचाहत्तर एमबी. मध्यम क्वालिटीत तासभर लेक्चर बघितलं की अर्धा जीबी जातो. म्हणजे चार लेक्चरांत महिना खलास! हॉस्टेलचं वायफाय खरोखर चालत असेल तरच हा घ्या, आणि ते चालतं का हे मालकाला नाही, मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना विचारा.

वायफाय नसेल तर रोज दीड जीबीचा. जुलै २०२४च्या दरवाढीत तो २३९चा २९९ झाला. दोन-अडीच तासांचं लेक्चर आरामात होतं. दीड जीबी संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. ‘जेवलास का?’ जातं, रील मात्र गोल फिरत बसतं. सोळा वर्षांच्या पोराला एवढा लगाम बरा. उलट रोज दोन जीबी किंवा त्यावरचा पॅक मारलात की फाइव्ह-जी अनलिमिटेड मिळतं, आणि दिरांनी दिलेला फोन फाइव्ह-जी आहे. मग रोजच्या मर्यादेला काही अर्थच उरत नाही. रात्री दोनला तो काय बघतोय ते तुम्हाला मंगळवेढ्यात कळणार नाही. दुकानदाराच्या पॅकला माझा नकार आहे तो पैशांपेक्षा यासाठी.

२८ दिवसांची गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज बसतात. २९९च्या हिशेबाने ३,८८७ रुपये, ४४९च्या हिशेबाने ५,८३७. शिवाय तारीख दर महिन्याला मागे सरकते. सात जूनला मारलं की चार जुलैला संपलं, आणि पगार सातला! लोकांच्या याच तक्रारीवरून ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२मध्ये कंपन्यांना दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा निदान एक पॅक ठेवायला लावला. जिओचा असा पॅक ३१९चा, रोज दीड जीबी. बारा वेळा मारून वर्षाचे ३,८२८ होतात. दिसायला वीस रुपयांनी महाग, वर्षाला ५९ रुपयांनी स्वस्त. दुकानदार हा सहसा आपणहून दाखवत नाही. मीही दाखवत नव्हतो.

दर बदलत राहतात, तेव्हा मारायच्या दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये एकदा बघून घ्या. आणि पहिलं रिचार्ज सात तारखेलाच मारा, नाहीतर ३१९चा पॅक शोधून उपयोग काय?