गोव्यात छोटा होमस्टे आहे. व्यवसायाचा ब्लॉग लिहू की व्हीआर टूरवर (डोळ्यांना हेडसेट लावून घरबसल्या जागा दाखवणाऱ्या फेरीवर) पैसे घालू? पुढची दहा वर्षं कशाची?

ब्लॉग लिहा. व्हीआरचे पैसे वाचतील, त्यातून न्हाणीघराला नवी लादी बसवा. विचारलंत तेवढ्याचं उत्तर इथे संपलं. पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, कारण हा वाद आमच्या घरात २००७ पासून धुमसतोय.

फोंडा तालुक्यात आमचं कुळागर आहे. पोफळी, माड, मिरवेल, थोडी जायफळं आणि घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. धाकटा भाऊ बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. २००७च्या चतुर्थीला तो आला तो सेकंड लाइफ, म्हणजे इंटरनेटवरचं एक आभासी जग, डोक्यात घेऊनच. आमच्या बीएसएनएलवर ते उघडेना, म्हणून साठवून आणलेली चित्रं दाखवत बसला. रॉयटर्सने तिथे बातमीदार नेमलाय, स्वीडनने वकिलात उघडलीय, मोठमोठ्या कंपन्यांनी दुकानं थाटलीत. "दादा, पाच वर्षांत लोक गोव्याला येतीलच कशाला? घरबसल्या बघतील." मी म्हटलं, आधी तू चतुर्थीची गर्दी चुकवून वेळेवर ये, मग बोलू. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे बातमीदार परत गेला, दुकानं उठली. सेकंड लाइफ मात्र अजून चालू आहे. तिथे जे रमले ते रमलेच, फक्त सगळं जग काही तिथे राहायला गेलं नाही. एवढं भावाला कबूल करायला लावलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण २८ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकने अशाच आभासी जगाच्या, मेटाव्हर्सच्या, नादात कंपनीचं नाव मेटा केलं आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी! पहाटे नरकासुर जाळून आलो, फोव (पोहे) खायला बसलो, आणि याचं पुन्हा सुरू. या वेळी सोबत एक एजन्सीही होती. कुळागराची व्हीआर टूर, वर एक हेडसेट, १ लाख ४० हजार रुपये. त्या वर्षीच्या सुपारीच्या पैशांतून.

ती मंडळी मे महिन्यात आली. नेमकी त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी शेजाऱ्याची. मी सांगितलं, परवा या, पाणी सोडलेलं असेल. नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी मांद्र्याला कुठल्याशा व्हिलाचं काम होतं. पोरगा काठीवर कॅमेरा लावून बांधावरून भराभर चालत सुटला. टूर तयार झाल्यावर तो हेडसेटचा डबा पहिल्यांदा आईच्या डोळ्यांना लावला. तिला वाटलं होतं पोरांनी काहीतरी नवल आणलंय. तिने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि विचारलं, "पाट सुको कित्याक?" पाट कोरडा का, म्हणून.

दुसऱ्या मिनिटाला तिला मळमळायला लागलं. यात जादूटोणा काही नाही. डोळे सांगतात आपण चालतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो बसलोय. दोघांचं पटलं नाही की पोट ढवळतं. कॅमेरा एका जागी ठेवला असता तर बराच त्रास वाचला असता, पण एजन्सीला "अनुभव" द्यायचा होता ना! त्या टूरमुळे एक खोली भरल्याचं मला आठवत नाही.

आता ब्लॉगचं. २०११च्या पावसाळ्याआधी मी एक लेख टाकला होता, सुपारी सडवणाऱ्या कोळेरोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण घरी कसं करायचं. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, धातूच्या भांड्यात नाही. मिश्रण झालं की त्यात घासलेला लोखंडी कोयता बुडवायचा. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्या कोयत्याचा फोटो मीच काढला होता, तोही हलला होता. तरीही दर मे महिन्यात तो लेख वाचून सिरसीहून, सावंतवाडीहून फोन येतात. त्यातले काही बागायतदार बायकोपोरांना घेऊन आले, राहिले, पुढे त्यांच्या ओळखीचे आले. होमस्टेची जाहिरात त्या लेखात एका ओळीचीसुद्धा नाही. लोक माणसाला काही कळतं का हे बघून येतात. पाटाचं पाणी कुठल्या दिवशी कोणाचं हे ज्याला माहीत, तो त्यावर लिहू शकतो. त्या एजन्सीवाल्याला ते चित्रात पकडता येत नाही, कारण त्याला दिसतच नाही.

राहिली पुढची दहा वर्षं. मेटाच्या रिॲलिटी लॅब्स या व्हीआरवाल्या विभागाला २०२४ या एका वर्षात १७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. रुपयांत धरलं तर गोवा सरकारच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या पाचपट. मायक्रोसॉफ्टने आपलं अल्टस्पेस, व्हीआरमध्ये लोकांनी भेटायचं ठिकाण, मार्च २०२३मध्ये बंदच केलं. ॲपलचा असाच चष्मा ३,४९९ डॉलरला निघाला. एवढे पैसे जाळायची ज्यांची ऐपत आहे त्यांनी जाळावेत, दोन खोल्यांच्या जिवावर आपण त्या होळीत लाकडं टाकू नयेत. खेळांत, डॉक्टरांच्या शिक्षणात त्याचा उपयोग होईल, होतोही आहे. ते काम वेगळं.

आता दोन गोष्टी भावाच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर तो खाली येऊन लिहीलच. एक, ऑगस्ट २०२४पासून आपल्याकडेही गुगल शोधाच्या वर आयतं उत्तर लिहून देतं, त्यामुळे ब्लॉगवर येणारे कमी झालेत. माझेही झालेत. "गोव्यात काय बघावं" छापाचं काही लिहिणार असाल तर मग नकाच लिहू. दुसरं, त्याच एजन्सीने काढलेले चार स्थिर, चहूबाजूंनी फिरवून बघता येणारे गोल फोटो मी गुगल मॅपवर चढवले, फुकटात. त्यातला न्हाणीघराचा आणि अंगणातल्या पायऱ्यांचा फोटो लोक खरंच बघतात. गुडघे दुखणारे आधी फोन करून विचारतात, कठडा आहे का. आता आहे, गेल्या वर्षी बसवला.

आणि हो, एजन्सीला दिलेल्या त्या चेकवर सही माझीही होती. पण पाण्याची पाळी बघून बोलव म्हणून मी सांगितलं होतं, हे त्याने अजून मान्य केलेलं नाही.