मेकफाईल चालतच नाहीये!

प्रश्न : सी मध्ये प्रोजेक्ट करतेय, सात-आठ फाईली झाल्यात. दरवेळी जीसीसी या कंपायलरची लांबलचक कमांड, सगळं पहिल्यापासून कंपाईल. सीनियर म्हणतात मेक वापर, म्हणजे बदललेलं तेवढंच कंपाईल करणारं टूल, पण त्याच्या नियमांची फाईल, मेकफाईल, लिहिली की नुसतं 'मिसिंग सेपरेटर' येतं. काय चुकतंय?

उत्तर : अगं, टॅब! नियमाखालची कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हायला लागते, आठ स्पेस दिल्या तरी मेक ऐकत नाही, आणि बरेच एडिटर टॅब दाबला की गुपचूप स्पेसच टाकतात, तेव्हा आधी ते सेटिंग बघ. स्टुअर्ट फेल्डमननी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासूनची कटकट आहे ही.

बाकी सोपंय. कोलनच्या डावीकडे जे बनवायचं ते, म्हणजे मेन.ओ ही कंपाईल झालेली फाईल, उजवीकडे ते ज्यावरून बनतं ते, मेन.सी आणि तिने इन्क्लूड केलेली हेडर फाईल यादी.एच. मेक नुसत्या फाईलींच्या वेळा बघतं, डावीकडची फाईल नसेल किंवा उजवीकडची तिच्यापेक्षा नवी असेल तरच कमांड चालवतं, म्हणून एक सी फाईल बदलली तर तेवढीच कंपाईल होते आणि मग लिंकिंग, म्हणजे सगळ्या ओ फाईली जोडून एक प्रोग्रॅम.

खरी गोम हेडरची. नियमात उजवीकडे यादी.एच लिहायची राहिली आणि तू त्यातलं स्ट्रक्ट बदललंस तर जुनी मेन.ओ तशीच राहते, प्रोग्रॅम भलतीकडेच क्रॅश होतो आणि तू डोकं धरून बसतेस. त्यापेक्षा जीसीसीला -एमएमडी दे, हेडरची यादी ते डी फाईलीत काढून देतं, ती मेकफाईलमध्ये इन्क्लूड कर. मेकफाईल आपोआप बनवून देणारं सीमेक-बीमेक सध्या राहू दे. आणि शंका आली की मेक -एन मार, काहीही न चालवता कुठल्या कमांड चालल्या असत्या ते दाखवतं.