कोडेकाराला विचारा : उलटी नदी आणि गरीब रंक

प्रश्न : गेल्या अंकातल्या शब्दकोड्यात 'नदी उलटी वाहिली की गरीब (२)' असे शोधसूत्र होते. मी 'रंक' भरले. रंक म्हणजे गरीबच, घरेही दोनच. मग उत्तर 'दीन' कसे? आणि नदी कधी उलटी वाहते का?

उत्तर : रंक गरीब खरा, पण त्याचा नदीशी काय संबंध? अशा शोधसूत्रात उत्तराकडे जायच्या दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची. ती बहुधा वाक्याच्या एका टोकाला सापडते, इथे 'गरीब'. उरलेले शब्द अक्षरांची करामत सांगतात : 'नदी' उलटी लिहा, 'दीन' मिळेल. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी आल्या तरच उत्तर पक्के समजायचे. शिवाय हा 'न' उभ्या 'पानगळ'मध्येही आहे. तुमच्याकडे तिथे 'पाकगळ' झाले असणार. तेव्हा तरी शंका यायला हवी होती!

आता नदीचे. ती उलटी वाहत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण वाक्याने उभा केलेला देखावा खोटा असला तरी चालतो, सूचना मात्र खोटी चालत नाही. 'ॲफ्रिट' या टोपणनावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये हा दंडक घातला : कोडेकार जे म्हणतो त्याचा वरवरचा अर्थ त्याच्या मनात नसला तरी हरकत नाही, पण जे मनात आहे ते त्याने म्हटलेच पाहिजे. 'पानगळ'चेच बघा. 'पृष्ठाला मासेमाराचा आकडा लागला की झाडे बोडकी होण्याचे दिवस (४).' पृष्ठ म्हणजे पान, आकडा म्हणजे गळ. पृष्ठाला कोणी आकडा लावत नाही, तरी यातला एकही शब्द फुकट नाही. कोडेकाराने तुम्हाला जरूर चकवावे. फसवले, तर भांडायला या.

प्रश्न : आडव्या 'नदी'चा 'दी' उभ्या 'दिवस'ला चालेल का? एका वेलांटीचा तर फरक!

उत्तर : नाही. काहीजण सूट देतात, मी देत नाही. 'दीन' आणि 'दिन' यांत तेवढाच फरक आहे, आणि एक गरीब तर दुसरा दिवस. मात्र या काटेकोरपणाची किंमत मलाच मोजावी लागते. इंग्रजी कोडेकाराला प्रत्येक घरात २६ अक्षरांपैकी एक बसवायचे असते. आपल्याकडे एकट्या 'क'चीच बाराखडी, वर जोडाक्षरे. 'शस्त्र'ला दोनच घरे, त्यातल्या 'स्त्र'ला छेद देणारा शब्द शोधताना रात्र सरते. माझ्या कोड्यात काळी घरे जास्त का, अशी तक्रार करणाऱ्यांनीही हेच उत्तर वाचावे.

प्रश्न : पहिले शब्दकोडे कोणाचे?

उत्तर : आजच्या शब्दकोड्याची सुरुवात आर्थर विन यांच्या कोड्यापासून धरतात. २१ डिसेंबर १९१३ रोजी ते 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आले. आकार चौकट टोकावर उभी केल्यासारखा, मधोमध पोकळी.

प्रश्न : सरावासाठी एखादे सोपे सूत्र द्या.

उत्तर : 'उलटे केले तरी ताजेच (३).' उत्तर पुढच्या अंकात. 'टवटवीत' पाठवू नका, घरे मोजा.