पुण्यात नवा गॅरेज रॉक बँड आहे, पहिली गाणी मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड करावीत का?

तुम्ही लिहिलंय की चौघांचा बँड आहे, मराठी गाणी बसली आहेत आणि साठवलेले पैसे चांगल्या स्टुडिओत घालावेत की नाही यावरून तुमच्यात वाद चाललाय. मी पुण्यात छोट्या कार्यक्रमांचं साउंड बघतो. माझं उत्तर: आत्ता नको. एका खोलीत चौघांनी एकत्र वाजवा आणि तेच रेकॉर्ड करा.

गॅरेज रॉक, म्हणजे हौशी पोरांनी गॅरेजमध्ये वाजवलेलं कच्चं, दणदणीत रॉक, जन्मलंच तसं. १९६३ साली अमेरिकेत पोर्टलंडमध्ये द किंग्समेन या तरुण पोरांनी ‘लुई लुई’ रेकॉर्ड केलं. सोलोनंतर गायक जरा आधीच सुरू होतो, थांबतो, आणि ड्रमर एक दणदणीत फिल (ठोक्यांची छोटी लड) मारून ती जागा सांभाळून घेतो. चूक रेकॉर्डवर तशीच राहिली. मी तर गाणं लावलं की त्या जागेचीच वाट बघतो. सुटं सुटं रेकॉर्ड करून, क्लिकवर, म्हणजे कानातल्या टकटक तालावर, सरळ केलेल्या ट्रॅकमध्ये असं सावरणं ऐकू येत नाही.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट काँटेस्ट या बँडस्पर्धेतल्या देशभरच्या बँड्सच्या एलपी (मोठ्या तबकड्या) निघाल्या होत्या, त्या शोधून ऐका. गिटार फाटतेय, पण पोरं जीव तोडून वाजवतायत. गातात मात्र इंग्रजीत. म्हणून तुम्ही मराठीत गाताय याचा मला फार आनंद आहे.

त्याबद्दल एक सांगतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक ओळ ‘आहे’, ‘होतं’वर येऊन बसते आणि बीटचा जोर तिथेच विरतो. ओळी उलटवा. ‘थांब’, ‘सोड’, ‘चल’ असे आखूड शब्द ठोक्यावर टाका. आणि पोवाड्यातले झीलकरी, म्हणजे शाहिराला मागून साथ देणारे, नीट ऐका. शाहिराची ओळ संपायच्या आत ‘जी जी रं जी’ उचलतात ना, तसे बाकीचे तिघे कोरसला तुटून पडले पाहिजेत. गोड हार्मनी इथे नको.

आता जागा. सोसायटीच्या पार्किंगचा विचार सोडा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे, ड्रम किट ती पहिल्याच ठोक्याला ओलांडतं. तासावर मिळणारी जॅमरूम घ्या, नाहीतर भोसरीकडे ओळखीत कुणाचं वर्कशॉप असेल तर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, विचारून बघा. पत्र्याची शेड फार घुमते. सतरंज्या, गाद्या, जाड पडदे, मिळेल ते लावा.

ड्रम्सला दोन माइक पुरतात, एक किकला (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) आणि एक वर. बेस सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डब्यात. गिटारचा अँप ड्रम्सकडे पाठ करून ठेवा आणि डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाडणारा इफेक्ट) तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मं करा. हे मी प्रत्येक नव्या बँडला सांगतो आणि प्रत्येक गिटारिस्ट माझ्याशी भांडतो. खोलीत जे भरदार वाटतं, ते रेकॉर्डिंगमध्ये बेसवर चढतं आणि शब्द गिळून टाकतं. मराठी शब्द ऐकूच आले नाहीत तर मराठीत गाऊन काय उपयोग? गायकाच्या माइकमध्ये झांजांचा आवाज शिरणारच, फारच शिरला तर फक्त गाणाऱ्याचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करा.

वाचलेले पैसे वाजवण्यावर खर्च करा: टेम्पोचं भाडं, चांगल्या तारा, ड्रमच्या जादा काठ्या. कॉलेजची फेस्टिव्हल्स, छोटे कॅफे, मित्राच्या मंडळाचा कार्यक्रम, कुठेही चालेल. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० साली पुण्यातच सुरू झाला, त्यामुळे या शहराला उभं राहून नवा बँड ऐकायची सवय आहे. पण तीस लोकांसमोर सलग अर्धा तास न थांबता वाजवता आलं पाहिजे, आणि ते स्टुडिओत शिकता येत नाही.

गाणी ऑनलाइन टाकण्याआधी शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे चौघांनी लिहून सह्या करा, मग आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, नोंदणी करा. हे मैत्री घट्ट असतानाच उरकायचं काम आहे.

खोली ठरली की तिची लांबी-रुंदी आणि छत कसलं आहे ते कळवा, माइक कुठे लावायचे ते सांगतो.