ब्रेनडेड दात्याला भूल का देतात? त्याला दुखतं का?

तुमची शंका थोडक्यात अशी: ब्रेनडेड ठरवलेल्या दात्याचे अवयव काढताना भूलतज्ज्ञ लागतो, म्हणजे त्याला वेदना होत असणार, म्हणजे तो मेलेला नसणार.

वेदना होत नाहीत. मी भूलतज्ज्ञ आहे, अशा वेळी दात्याच्या उशाशी मीच असतो. वेदना कळायला मेंदू लागतो आणि तो गेल्याची खात्री आधीच झालेली असते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, घशात नळी हलवली तरी ठसका येत नाही. व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन सोडतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमी पाऱ्यापर्यंत चढू देतात, तरी श्वासासाठी छाती हलत नाही.

मग भूल कशाला? कारण मज्जारज्जू शाबूत असतो. तापल्या तव्याला बोट लागलं की चटका कळायच्या आत हात मागे येतो, तो मज्जारज्जूच्याच हुकमाने. एकदा पहिला छेद घेताच दात्याचा हात कोपरात वाकला आणि रक्तदाब ११० वरून १७० वर गेला. नवी सिस्टर दचकून दोन पावलं मागे सरली. तिचं काय चुकलं? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. म्हणून स्नायू सैल करणारं औषध देतो, आणि दाब उतरवायला बऱ्याचदा थोडा भुलीचा वायू. काही भूलतज्ज्ञ वायू न वापरता दाबाची दुसरी औषधं देतात.

पण हे काम किरकोळ. खरी कसरत उलट्या बाजूची असते. मेंदू गेला की शरीराचा लगाम सुटतो. लघवी आवरणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक बनत नाही, त्यामुळे लघवी लिटरांनी वाहते आणि रक्तातलं सोडियम चढतं. दाब पडतो, अंग गार पडत जातं. व्हॅसोप्रेसिनची ड्रिप, गरम हवेचं पांघरूण, फुप्फुसांना ताण नको म्हणून बेताचे श्वास, असं सांभाळत राहायचं. शेवटी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतो, सर्जन महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावतात, थंड द्रावण आत सोडतात. फुप्फुसं घ्यायची नसतील तर मी त्याच वेळी व्हेंटिलेटर बंद करतो. एरवी ऑपरेशन संपलं की पेशंटला नावाने हाक मारायची सवय. त्या दिवशी हात नुसता मॉनिटरच्या बटणाकडे जातो.

जिवंत दात्याची गोष्ट निराळी. किडनी देणारा माणूस धडधाकट असतो, त्याला पूर्ण भूल आणि नंतर वेदनाशामक द्यावंच लागतं.

अवयव घेणाऱ्याच्या टेबलावर सगळ्यात धाकधुकीचा क्षण यकृताचा. क्लॅम्प सुटला की नव्या यकृतातलं थंड, पोटॅशियम आणि आम्ल असलेलं रक्त थेट हृदयात येतं आणि दाब बघता बघता कोसळू शकतो. कॅल्शियम आणि ॲड्रेनलिनच्या सिरिंज आधीच भरून हाताशी ठेवतो. बदललेल्या हृदयाची वेगळीच तऱ्हा: त्याचे मज्जातंतू कापलेले, त्यामुळे ठोके वाढवायचं नेहमीचं ॲट्रोपिन त्याच्यापुढे फुकट.

किडनीला मात्र भरपूर रक्त हवं, म्हणून सलाइन आणि दाब दोन्ही राखून असतो. क्लॅम्प निघतो, फिकट किडनी गुलाबी होते आणि नशीब चांगलं असेल तर मूत्रनळी जोडायच्या आधीच तिच्यातून लघवी येऊ लागते.