स्वतःच अडखळत बोलते, तरी स्पीच थेरपिस्ट होऊ का?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. मला स्पीच थेरपिस्ट व्हायचंय पण मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलते, फोनवर तर नाव सांगतानाच अडकते. घरचे म्हणतात, जिला स्वतःला धड बोलता येत नाही तिच्याकडे कोण येणार? आणि मैत्रीण म्हणते दिवसभर पोरांना 'र' आणि 'ळ' म्हणायला लावायचं, वर्षभरात कंटाळशील. काय करू?

उत्तर : घरच्यांचं आधी घेते, कारण ते वाक्य तुला जास्त लागलेलं दिसतंय. अमेरिकेत हा विषय ज्यांनी उभा केला त्यातलं मोठं नाव म्हणजे चार्ल्स व्हॅन रायपर, आणि ते स्वतः खूप अडखळायचे. त्यांनी १९३६ मध्ये मिशिगनमध्ये स्पीच क्लिनिक काढलं, आणि त्यांचं म्हणणं असं की अडखळणं लपवायची जी धडपड असते ना, शब्द बदलायचा, फोन टाळायचा, तीच माणसाला जास्त दमवते, त्यामुळे आधी न घाबरता, कमी ताणात अडखळायला शिकायचं. आजही ही पद्धत वापरतात. काही कोर्समध्ये तर ज्यांचं बोलणं अगदी सरळ आहे त्या विद्यार्थ्यांना मुद्दाम अडखळत फोन करायला लावतात, समोरच्याला कसं वाटतं ते कळावं म्हणून. तुला ते आधीच माहितीये. पण एक खरं सांगते, तोंडी परीक्षा, पेशंटच्या घरच्यांना समजावणं, फोन, हे सगळं करावंच लागेल, म्हणून कोर्सच्या आधी तू स्वतः थेरपी घेऊन बघ. बोलणं सरळ झालंच पाहिजे म्हणून नाही गं, अडकलीस तरी वाक्य पूर्ण करायचा धीर यावा म्हणून.

आता मैत्रिणीचं. उच्चारांचं काम असतंच, पण ते नुसतं म्हणायला लावणं नाहीये. समज एक मूल 'क' च्या जागी 'त' म्हणतं, काकाला ताता म्हणतं. त्याच्यासमोर दोन चित्रं ठेवायची, एक कार आणि एक तार. त्याला कार हवी असते, ते म्हणतं 'तार', मी निमूटपणे तारेचं चित्र हातात देते. ते गोंधळतं, पुन्हा मोठ्याने 'तार', मी पुन्हा तेच देते, आणि मग कधीतरी ते थांबतं, जीभ मागे ओढायचा प्रयत्न करतं आणि काहीतरी अर्धवट 'क' सारखं निघतं. तो क्षण बघितलास की कंटाळ्याचं नाव काढणार नाहीस.

आणि मुलं म्हणजे अर्धंच काम, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. हॉस्पिटलमध्ये काम करणारे थेरपिस्ट बोलण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, गिळण्यावर काम करतात. स्ट्रोकनंतर साधं पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि काही पेशंटना ठसकासुद्धा लागत नाही, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. म्हणून बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारा पदार्थ, मिसळलेला घास देऊन तो कुठे जातो ते एक्स-रेच्या व्हिडिओत बघायचं, पाणी किती घट्ट करायचं, मान कशी ठेवायची ते ठरवायचं. इथे चूक परवडत नाही.

स्ट्रोकनंतर बोलणं गेलेल्यांचं काम मला सगळ्यात जवळचं. मी शिकत असताना एक आजोबा होते, समोर बायको बसलेली आणि तिचं नाव तोंडातून निघेना, डोळ्यात पाणी. मी 'एक, दोन' म्हटलं तर 'तीन, चार, पाच' धडाधड म्हणून गेले, आणि स्वतःच चकित झाले. पाठ असलेलं बोलणं, गाणं, हे कितीदा शाबूत राहतं, मग त्याच वाटेने पुढे जायचं. पण हळू हं, फार हळू. काही जण पुन्हा पहिल्यासारखे बोलत नाहीत, मग चित्रांचा बोर्ड, टॅब, हातवारे, जे चालेल ते. पटकन रिझल्ट हवा असेल तर हे काम तुला त्रास देईल.

सगळ्यात अवघड काय माहितीये, गप्प बसणं. पेशंट शब्द शोधत असतो आणि आपल्याला तो शब्द दिसत असतो, जिभेवर आलेला असतो, तरी तो द्यायचा नाही, थांबायचं. नवीन विद्यार्थी इथेच चुकतात, मीही चुकले. तुझं वाक्य लोकांनी मध्येच तोडून पूर्ण केलंय ना आजवर, मग तुला हे शिकवावं लागणार नाही असं मला वाटतं.

अभ्यासात शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, ऐकण्याचं शास्त्र असं सगळं येतं, शिवाय देखरेखीखाली पेशंट बघायचे तास आणि भरपूर रिपोर्ट लिहिणं. किती वर्षं आणि लायसन्स कसं ते जागेप्रमाणे बदलतं, कॉलेजलाच विचार. पण फॉर्म भरायच्या आधी दोन ठिकाणी परवानगी काढून एकेक दिवस नुसती बसून ये, एक मुलांचं क्लिनिक आणि एक हॉस्पिटल. आणि परवानगीचा तो फोन तूच कर, नाव सांगताना अडकलीस तरी ठेवू नकोस.